कासार आळीची पीएच.डी.

तांबट आळीवर पीएच.डी. झाली, त्याच दिवशी तांबट आळी गाशा गुंडाळून विद्यापीठात राहायला गेली. भट्ट्या, ऐरणी, उंबऱ्यावर बसलेल्या म्हाताऱ्या, सगळं टेकडी चढून वर गेलं आणि इतिहास विभागाच्या मागे ओळीनं उभं राहिलं. मग अत्तर गल्ली गेली. मग हत्तीखाना, मग जुनी वेस. शहरात त्यांच्या जागी गुळगुळीत मैदानं उरली. लोकांना त्यात काही वावगं वाटलं नाही; विद्यापीठात नळाला पाणी होतं आणि छपरं गळत नव्हती. मागे राहिल्या त्या नव्या कॉलन्या. त्यांच्यावर पीएच.डी. करायला कोण बसलंय?

नियम साधा होता. प्रबंधात लिहिलेलं असेल तेवढंच जायचं. लिहिणाराही जायचा, कारण मुखपृष्ठावर त्याचं नाव असतं. अत्तर गल्लीच्या प्रबंधात कुत्री राहून गेली होती, ती अजून मैदानात घरांच्या जागा हुंगत फिरतात.

चारुशीला रासनेनं कासार आळी घेतली. ती जन्मली तिथंच, आणि आळीच्या मधोमध तिच्या अप्पांचं बांगड्यांचं दुकान होतं. आई गेल्यापासून घरात दोघंच. मौखिक परीक्षेच्या दिवशी अप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली, खोकी सुतळीनं बांधली आणि ते गादीवर बसून राहिले.

"तुझ्या परीक्षेला येत नाही गं," ते म्हणाले. "आळी निघाली अन् मी जागेवर नसलो तर? तू आपली हो डॉक्टर. मी येतोच मागून."

"याच हं," असं म्हणून ती रिक्षात बसली.

मौखिक परीक्षा विभागाच्या लांबट सभागृहात होती. बाहेरून आलेले परीक्षक भले गृहस्थ होते. त्यांनी आधी चहा संपवला, मग बशीतली बिस्किटं संपवली आणि मग प्रबंधातला नकाशा उघडला.

"आळीच्या मधोमध ही रिकामी जागा कसली?"

"आमचं दुकान आहे तिथं," चारू म्हणाली.

तिच्या मार्गदर्शक बिडवई मॅडम कौतुकानं पुढे सरकल्या. "घरच्या माणसाचा पुरावा तिनं धरलेला नाही, सर. माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवते मी. पक्षपात नको."

"वा! चार ओळी तरी लिहायचा मोह होतो माणसाला," परीक्षक म्हणाले.

चारूला हे ऐकून आधी बरं वाटलं, आणि मग एकदम लक्षात आलं. आळीतल्या एकूण एक माणसाला तिनं बोलतं केलं होतं. अप्पांना सोडून. रोज रात्री त्यांच्याच हातची भाकरी खात ती आळीच्या इतिहासावर बोलायची, पण प्रबंधात ते नाहीत म्हणजे आळीबरोबर जाणार नाहीत, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

"सर, एक नाव घालायचं राहिलंय."

"बांधणी झाली आता."

"माझे वडील आहेत ते."

"म्हणूनच तर," परीक्षक प्रेमानं म्हणाले.

"मग मला पदवी नको."

सगळे हसले. शिपायानं शाल आणि नारळ आणला. "सगळेच असं म्हणतात शेवटी," बिडवई मॅडम म्हणाल्या. "घे, चहा घे."

टाळ्या पडल्या. चारू दाराकडे निघाली, तर सभागृह लांबत गेलं. खुर्च्यांच्या नव्या रांगा मध्ये येत होत्या आणि प्रत्येक खुर्चीवरचा माणूस उठून अभिनंदन करत होता. ती सगळ्यांचे हात झटकत, धक्के देत बाहेर पडली तेव्हा कासार आळी टेकडीचा रस्ता चढत होती.

घरं सावकाश येत होती, एकमेकांना धरून. दुकानाच्या दोन्ही बाजूंची घरं आता एकमेकांना चिकटली होती, मध्ये फटसुद्धा नव्हती. शेजारच्या शेवंताकाकू आपल्या ओट्यावर बसून चालल्या होत्या.

"काकू, अप्पा कुठायत?"

"आमच्या वेळी लग्नात हिरवा चुडा भरायचे," काकू म्हणाल्या.

"अहो काकू, अप्पा!"

"आमच्या वेळी लग्नात हिरवा चुडा भरायचे," काकू तेवढ्याच आनंदानं म्हणाल्या. चारूनं त्यांना मुलाखतीत तेवढंच विचारलं होतं.

ती आळीच्या उलट्या दिशेनं खाली धावली.

मोठ्या मैदानात एकटं दुकान उभं होतं. भिंती शेजाऱ्यांच्या होत्या, त्या गेल्या; छप्पर, फळ्या आणि गादी तेवढी राहिली होती. अप्पा टोपी सारखी करत उठले.

"आलीस, डॉक्टर? आपला नंबर मागं लागलाय बघ. सगळे गेले पुढं."

चारूला रडू फुटलं. "अप्पा, मी तुम्हाला लिहिलंच नाही."

"का गं?"

"तुम्ही माझे म्हणून."

अप्पांनी मैदानभर पाहिलं. अत्तर गल्लीतली कुत्री येऊन ओट्याच्या जागी बसत होती. "बरं," ते म्हणाले. फार लागलं होतं त्यांना, आवाजातच कळत होतं.

तेवढ्यात चारूचे पाय मागे सरकायला लागले. ती चालत नव्हती. तिच्या चपला मातीत रेघा ओढत होत्या, टेकडीच्या दिशेनं. तिनं फळीला धरलं, तर फळी सुटून आली. अप्पांनी पुढे वाकून तिचा हात पकडला आणि दुसऱ्या हातानं घाईघाईनं एका खोक्याची सुतळी तोडली. त्यांनी काचेची हिरवी बांगडी काढली, तिची बोटं एकत्र दाबली आणि ते बांगडी चढवायला लागले.

बांगडी बोटांच्या सांध्यांपाशी अडली. चारू मागे ओढली जात होती आणि हात ताठला होता.

"सैल सोड हात," अप्पा म्हणाले, जसं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणत. "ताठ धरलास तर फुटेल."

"सैल सोडला तर निसटेल, अप्पा."

"सोड," ते म्हणाले, आणि त्यांनी आणखी जोरानं दाबलं.