सागूबाईची चकचकीत बाजू

मित्रांनो, मी सागाची एक जुनी पट्टी आहे. वीतभर लांब, दोन बोटे रुंद, डोक्याला एक भोक, त्यात ओवलेली दोरी. त्याच दोरीत शिसव, आंबा, बाभूळ आणि देवदार यांच्याही पट्ट्या ओवलेल्या आहेत. सुताराच्या कारखान्यात गिऱ्हाइकाला लाकडाचा नमुना दाखवायचा, हे आमचे काम.

माझा रंग सोनेरी-तपकिरी. अंगात उपजतच तेल, त्यामुळे मी पाण्याला भीत नाही आणि वाळवी माझ्या वाटेला जात नाही. दारे, खिडक्या, होड्या सागाच्या करतात त्या उगीच नाही. शिसव काळसर आणि वजनदार. तिच्या खुर्च्या नातवंडांपर्यंत टिकतात, आणि त्याचा तिला ताठाही फार. बाभूळ दिसायला बेताची, पण घाव सोसावेत तिनेच. तिचे दांडे कुऱ्हाडीला बसवतात, म्हणून आम्ही तिला 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' असे चिडवतो. आंबा स्वस्त, खोक्यांच्या कामाला हमखास धावून येणारा; मात्र ओल लागली की त्याचे काही खरे नाही. देवदाराच्या वासाने कपड्यांच्या पेटीत कसर फिरकत नाही.

म्हातारपणी सुतारबाबांची नजर गेली आणि कारखाना लेकीने हाती घेतला. बाबांकडे एकच काम उरले, वखारीतून आलेले लाकूड ओळखायचे. त्यासाठी नाकाची सवय राहावी म्हणून रोज सकाळी ते आम्हाला मांडीवर घेत, नखाने ओरखडत, नाकाशी नेत. "ये सागूबाई!" म्हणत. त्या हाकेची मी वाट पाहत असे.

एकदा लेकीला आमची दया आली. "किती मळल्यात बिचाऱ्या!" म्हणत तिने आम्हाला घासले आणि चारी बाजूंनी पॉलिशचे तीन हात दिले. गिऱ्हाइके वाहवा करू लागली. खोटे कशाला बोलू, मीही हुरळून गेले.

सकाळी बाबांनी मला उचलले. नख घसरले. नाकाशी नेले, तर पॉलिशखेरीज वासच नाही. आम्ही पाचही पट्ट्या त्यांना सारख्याच.

"कशा झाल्यात, बाबा?"

"छान गं पोरी," एवढेच म्हणून त्यांनी दोरी खिळ्याला अडकवली. त्यानंतर त्यांनी आम्हाला हात लावला नाही.

दोन महिन्यांनी दारासाठी फळ्या आल्या. बाबांनी एक फळी हुंगली, पुन्हा हुंगली. "साग असेल... नाही गं, खात्री नाही वाटत. नाकाची सवय मोडली. उद्यापासून मी घरीच बसतो."

"घरी कशाला? पट्टी आहे की, ताडून बघा!" तिने मला त्यांच्या हातात दिले. त्यांनी मला नाकाशी नेलेच नाही. अंगठा नुसता माझ्यावरून घसरत राहिला. ते पाहून तिचा चेहरा उतरला.

"बाबा, बोलला का नाहीत हो?"

"तू एवढ्या मायेनं केलंस. काय बोलणार?"

तिने रंधा घेतला आणि माझ्या एका बाजूची पातळ साल काढली. चमक गेली, त्याचे थोडे वाईट वाटले. पण बाबांनी मला नाकाशी धरले आणि कितीतरी वेळ तसेच ठेवले. "ये सागूबाई," ते हळूच म्हणाले. मग फळी हुंगून खणखणीत आवाजात, "हा साग नाही. परत पाठव!"

मित्रांनो, जुन्या वस्तूची निगा जरूर राखा. पण ती रोज ज्याच्या हातात असते, त्याला आधी विचारा. माझी एक बाजू अजून गिऱ्हाइकांसाठी चकचकीत आहे. दुसरी बाबांच्या नखांनी पुन्हा ओरखडत चालली आहे, आणि मला तीच आवडते.