उरफाटे मामांचा कोट

मी एक जुना कोट आहे, आणि तोही उलटा. मित्रांनो, हसू नका! अस्तर बाहेर, शिवणी बाहेर, खिसेसुद्धा बाहेर, असंच मला मुद्दाम शिवलं होतं. जुन्या गोष्टीच्या पुस्तकातले उरफाटे मामा कोट असाच घालायचे. "वरून काय, कुणीही चांगला दिसतो," असं त्यांचं म्हणणं.

कोन गावच्या दाजींनी त्या गोष्टीचं नाटक बसवलं, तेव्हा माझा जन्म झाला. मामा व्हायचे ते दाजीच. वीस वर्षं आम्ही पनवेलच्या आसपासच्या शाळा पालथ्या घातल्या. माझं लाल-पिवळं अस्तर दिसलं की पोरं कल्ला करायची आणि दाजी माझ्या खिशातून लिमलेटच्या गोळ्या वाटायचे. काय ते दिवस होते! पुढे त्यांचे गुडघे गेले. त्यांनी मला नवीन पनवेलला सुनिताताईंच्या दुकानात ठेवलं. तिथे स्नेहसंमेलनाचे कपडे भाड्याने मिळतात.

मग मामांचं कार्टून आलं. त्यात मामांचा कोट निळा, चकचकीत आणि चक्क सुलटा! डिसेंबरात एका मुलीच्या आईने मला पाहून नाक मुरडलं. "अहो, हा उलटा शिवलाय! कार्टूनमध्ये असा नाहीये."

सुनिताताई मनाने चांगल्या, पण गिऱ्हाईक परत गेलेलं त्यांना सोसवेना. त्यांनी मला उसवून सुलटं करून घेतलं. मी सुलटा झालो, पण कार्टूनमधला काही झालो नाही. ना इकडचा, ना तिकडचा. तेव्हापासून मला कुणी भाड्याने नेलेलं नाही. फार एकटं वाटतं हो.

परवा काठी टेकत दाजी आले. माझं काळीज सुपाएवढं झालं. दुकानात सुनिताताईंचे यजमान सुभाषराव एकटेच होते, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

"माजा कोट हाय का? गावच्या शालेतल्या पोरांना मामा बगायचा हाय."

"तिथे लावलेत बघा, दाजी."

दाजी एकेक हँगर सरकवत माझ्यापाशी आले. त्यांची बोटं माझ्या बाहीवर जराशी थांबली.

"ह्यो नाय. माजा उलटा व्हता."

आणि ते रिकाम्या हाताने गेले. मला ओरडता आलं नाही.

मित्रांनो, कुणी उलटं दिसलं, तर त्याला सुलटं करण्याआधी एकदा विचारा. आणि कोनला गेलात, तर दाजींना एवढं सांगा: ज्याच्या बाहीवर तुमची बोटं थांबली होती, त्या कोटाच्या आतल्या खिशात हात घालून बघा. लिमलेटची एक गोळी अजून तिथेच आहे.