जिंकल्यावर सांगू

मित्रांनो, मी एक जुना ग्लोव्ह आहे. तोही एकटाच, कारण माझ्या जातीत जोडी नसते. क्रिकेटमध्ये जसा यष्टिरक्षक, तसा बेसबॉलमध्ये कॅचर. फलंदाजाच्या मागे उकिडवे बसून तो माझ्यासारख्या जाड, गोल ग्लोव्हमध्ये चेंडू झेलतो.

मला शिवले तैवानमधल्या एका कारखान्यात. तिथला एक विद्यार्थी मला सिंगापूरला घेऊन आला आणि शिक्षण संपल्यावर क्लेमेंटीतल्या शेजाऱ्याला देऊन गेला. हा शेजारी म्हणजे नागसेन. नागपूरचा इंजिनिअर, लहानपणापासून क्रिकेट खेळलेला. नव्या बॅटला तेल पाजतात हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने मलाही पाजले. घरात होते ते खोबरेल. मी आठवडाभर ठिबकत होतो. त्यानंतर मी कायमचा जड झालो आणि माझ्या अंगाला चापून तेल लावलेल्या डोक्याचा वास येऊ लागला. नागसेनची आई मीराबाई मला पाहून म्हणायची, "निघालं का बाळ शाळेत?"

नागसेनने घरामागच्या मैदानावर संघ उभा केला: क्लेमेंटी मैना. विद्यापीठातले मराठी विद्यार्थी, काही संशोधक, दोघेतिघे इंजिनिअर. सगळे क्रिकेटचे, त्यामुळे आम्ही हरायचो तेही आमच्या पद्धतीने. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट टाकून पळायचे असते. आमचा निमिष बॅट घेऊन पळायचा आणि बेसवर, म्हणजे जिथे पोचून पाय टेकवायचा त्या चौकोनी गादीवर, ती लांबवरून टेकवायचा.

"अंकल, ड्रॉप द बॅट लाह!" समोरच्या संघातली मुले सिंगापुरी इंग्रजीत ओरडायची. निमिष अजून विद्यापीठात शिकत होता. बाद होण्यापेक्षा 'अंकल' त्याला जास्त लागायचे.

तरी माझे कौतुक व्हायचे. गोलंदाजी करताना निमिषने चेंडू कुठेही फेकला, तरी नागसेन मला तिथे पोचवायचा. चेंडू नेमका बसला की असा आवाज व्हायचा की पंचही मान डोलवायचे. खेळ संपला की नागसेन मला पुसून पंख्याखाली ठेवायचा. इथल्या दमट हवेत कातड्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

मग एका हंगामाच्या सुरुवातीला कळले की मैदानावर इमारत येणार. संघाचा तिथला हा शेवटचा हंगाम. नागसेनने धरून चालले की संघ जवळच, बुओना व्हिस्टाला जाईल. खुबा मोडल्यापासून मीराबाईंना फार वेळ एकटे ठेवता येत नव्हते.

पहिला सामना हरल्यावर तो आईला जेवायला वाढायला घाईने घरी गेला आणि मला हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांमधल्या, टेबलावर विसरला. तिथे कॅप्टन वसुधाने विषय काढला. बुओना व्हिस्टाचे मैदान फक्त कामाच्या दिवशी मिळत होते. पासिर रिसचे रविवारी सकाळी मिळत होते. ते बेटाच्या दुसऱ्या टोकाला. पण निम्मा संघ आता तिकडेच राहायला गेला होता. वसुधासुद्धा.

"दादाला विचारायला नको?" निमिषने विचारले.

"विचारलं तर तो म्हणेल, तुम्ही जा," वसुधा म्हणाली. "मग आपण कोणत्या तोंडाने जायचं?"

पासिर रिससाठी हात वर झाले. निमिषचाही झाला.

"सांगायचं कधी मग?"

"असं हरल्यावर नको. एक सामना जिंकू, मग मी सांगते. खुशीत असेल तो."

मित्रांनो, हे ठरवणारा संघ कोणता होता ते विसरू नका. पुढच्या रविवारी आम्ही हरलो. त्याच्या पुढच्याही. दर वेळी नागसेनचा घामेजला हात माझ्यात शिरायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. मला सगळे ठाऊक होते, पण तोंड नव्हते. ज्यांना तोंड होते, ते त्याची बॅग उचलायचे, त्याच्यासाठी कॉफी आणायचे.

"एवढी सेवा?" तो हसायचा. "कुणाचं लग्नबिग्न ठरलंय का? आणि हे बघा, बुओना व्हिस्टाला मी आईला व्हीलचेअरवरून आणणार. तिलाही बघू दे तुम्ही कसे हरता ते."

वसुधा खाली वाकून बुटाची नाडी बांधायची. बांधलेलीच.

शेवटच्या सामन्यात, शेवटच्या डावात, आम्ही चक्क एका धावेने पुढे होतो आणि त्यांचा एकच गडी बाद करायचा राहिला होता. त्यांचा एक धावपटू बरोबरी साधायला निघाला. दूरवरून वसुधाने चेंडू फेकला. तो माझ्यात आला. क्षणभर वाटले, सुटावा. सुटला तर आज कुणाला काही सांगावे लागणार नाही. पण नागसेनने मला घट्ट मिटले, वळून त्या मुलाच्या गुडघ्याला टेकवले. बेसबॉलमध्ये चेंडूसकट ग्लोव्ह अंगाला लागला की धावणारा बाद.

"आउट!"

नागसेन एकटाच नाचला. मग थांबला.

"अरे, जिंकलो ना? मयताला आल्यासारखे काय उभे आहात?"

"दादा," वसुधा म्हणाली, "आपण पासिर रिसला जातोय."

"कधी ठरलं?"

"पहिल्या सामन्याला."

"मग आज सांगतेस?"

"जिंकल्यावर सांगायचं ठरलं होतं."

त्याने एकेकाकडे पाहिले. "म्हणजे इतके दिवस तुम्हाला जिंकायचं होतं की हरायचं होतं?"

त्याने मला हातातून काढून वसुधाला दिले. "कॅचर लागेल तुम्हाला," म्हणाला आणि घरी गेला. आईच्या जेवणाची वेळ झाली होती.

पासिर रिसला नवा कॅचर स्वतःचा ग्लोव्ह घेऊन आला. वसुधाने मला घरी नेऊन चपलांच्या कपाटात ठेवले. ती मला घालत नाही, दुसऱ्या कुणाला घालू देत नाही.

"दादाला भेटलीस?" निमिष एकदा विचारत होता.

"कशी भेटू? गेले तर चहा करून देईल. रागावला असता तर गेले असते रे."

आता माझ्या बोटांवर पांढरी बुरशी चढली आहे. मला न वापरणे म्हणजे नागसेनचा मान राखणे, असे वसुधा समजते. मित्रांनो, ज्याच्याशी आपण चुकीचे वागलो त्याची वस्तू जपली म्हणजे माणूस जपला असे होत नाही. शरमेपोटी दार लावून बसलात तर आत वस्तू कुजते आणि बाहेर माणूस एकटा पडतो. मला पुसून कोरडे करा आणि एखाद्या रविवारी पिशवीत घालून त्याच्याकडे न्या. चहा दिला तर प्या. पासिर रिसहून क्लेमेंटीला जायला गाडीसुद्धा बदलावी लागत नाही.