हत्ती चालला वासण्याला

बडोद्यात पाणीगेटच्या आमच्या गल्लीत ललितापंचमीला भोंडला होतो. गरब्याची मैदानं रात्री भरतात, त्याआधीची संध्याकाळ आमची. मधे पाट, पाटावर रंगवलेला हत्ती, भोवती बायका-मुलींचा फेर. मुली चणियाचोळी घालूनच येतात, आणि दोन गाणी झाली की टाळ्या आपोआप गरब्याच्या पडायला लागतात. कौशल्याकाकू डोळे वटारतात. थोड्या वेळाने त्यांचेही पाय तसेच पडायला लागतात.

हे चालवतं आमचं भोंडला मंडळ. ट्रस्ट रीतसर नोंदवलेला आहे, पण मंडळ म्हणजे खरं तर काकूच. हत्तीला रंग काकूंनी द्यायचा, नव्या सुनांना गाणी काकूंनी शिकवायची.

आमची एक जुनी रीत आहे. फेर संपला की एकेकीचा झाकलेला डबा पुढे येतो आणि आतली खिरापत बाकीच्यांनी ओळखायची. जिची ओळखता येत नाही, तिच्या घरी पाट जातो. पुढचा भोंडला तिचा. आता काकू सगळ्यांचे डबे ओळखतात, काकूंचा कुणालाच ओळखता येत नाही. त्यामुळे हत्ती वर्षानुवर्षं त्यांच्याच घरी.

यंदा मात्र त्यांचे गुडघे धरले. चिटणीस नीराताईंनी हळूच विषय काढला : निम्मी घरं शहराच्या दुसऱ्या टोकाला वासण्याकडे गेली, यंदा कुणी पाट नेला नाही तर भोंडला थांबवू या, हत्ती वाचनालयात काचेमागे छान दिसेल. मग काकूंनीच तो कुणाला तरी सोपवावा, असं कुणी म्हणालं. काकूंनी मान हलवली. सोपवलेली वस्तू माळ्यावर जाते, म्हणाल्या, जिंकून नेलेली दिवाणखान्यात राहते.

त्यांनी स्वतःचा डबा आणलाच नाही. पण ओळखायला बसल्या आणि एकामागून एक सगळे डबे ओळखले. शेजारी बसलेल्या स्नेहलने त्यांना कोपराने ढोसलं, की काकू, एखादा तरी चुका. काकूंनी ऐकलंच नाही. नीराताईंच्या करंज्या तर त्यांनी झाकणाला हात लावायच्या आधी सांगितल्या.

राहिली मैथिली. आमच्याच गल्लीतल्या सुभानरावांची नात, आता वासण्याला राहते, बँकेतून थेट आलेली.

"गोड की तिखट?" काकूंनी विचारलं.

"दोन्ही."

"कोरडं की ओलं?"

"धड कोरडं नाही, धड ओलंही नाही."

काकूंनी डबा कानाशी हलवला. आवाज नाही. बटाट्याचा कीस म्हणाल्या, दडपे पोहे म्हणाल्या, मोकळी भाजणी म्हणाल्या. मैथिली मान हलवत राहिली. आमचेही अंदाज चुकले. शेवटी काकूंनी डबा खाली ठेवला. "हरले."

झाकण निघालं. आत लीलो चेवडो. बडोद्यात फरसाणाच्या कुठल्याही दुकानात मिळतो तो ओलसर, गोड-तिखट चिवडा, मैथिलीने घरी केलेला. कुजबूज सुरू झाली : काकू मुद्दाम हरल्या, किती मोठं मन. मैथिलीचा चेहरा उतरला.

"काकू, मुद्दाम हरला असाल तर मी पाट नेणार नाही."

काकू चिवडा चावत होत्या. "मुद्दाम हरायचं असतं तर नीराच्या करंज्यांवर नसते का हरले? अगं, दर रविवारी खाते मी हा. पण भोंडल्याच्या डब्यात येईल, हे डोक्यातच आलं नाही. आपण सगळ्या आपल्याच स्वयंपाकघरात शोधत बसलो. खरंच हरवलंस पोरी. तीळ मात्र कमी पडलेत."

मैथिली हसली, तेव्हा कुठे आम्ही हसलो.

पाट चादरीत गुंडाळून तिच्या स्कूटरवर बांधला. निरोपाला काकूंनी फेर धरला, गुडघे विसरून, आणि उभ्या-उभ्या ओळ रचली :

हत्तीच्या गळ्यात मोत्यांचा सर,
पाणीगेट माहेर, वासणा सासर.

आम्ही ती म्हटली, टाळ्या सरळ गरब्याच्या दिल्या, आणि काकूंनी डोळे वटारले नाहीत.

स्कूटर वळणाआड गेली. रिकाम्या ओट्याकडे बघत काकू म्हणाल्या, इतक्या वर्षांत भोंडल्याला मला कुणी बोलावलंच नव्हतं, आता मी पाहुणी. मी विचारलं, मग वासण्याला डब्यात काय नेणार?

"ते तुम्ही ओळखायचं," काकू म्हणाल्या.