पाव सूर्य कुठं गेला

तिसगावच्या बाजारात बाबाजानचं लायटिंगचं दुकान तीस वर्षांचं. लग्न असो, उरूस असो, गावची यात्रा असो, खांबाला वायर त्याचीच चढायची. यात्रेत धुरळा उठला की लांबच्या खांबावरचे बल्ब मंद दिसत, आणि पुढारी मंडळी बाबाजानवर करवादत, बल्ब बदल म्हणून. बाबाजान शिडी लावून चढायचा, तोच बल्ब पुसून तिथंच लावायचा आणि खाली उतरायचा. बल्बला काही झालेलंच नसायचं.

आता सगळ्यांना एलईडीच्या माळा लागतात. त्याही त्यानं ठेवल्यात, पण दुकानाच्या मागं एका पेटीत दोनशे वॅटचे जुने बल्ब कागदात गुंडाळून जपलेत. ती पेटी भंगारात घाला म्हणून बायको मुबारकबी थकली. असल्या वेळी बाबाजानला कमी ऐकू येतं.

यंदा डिसेंबरात ती पेटी उघडली त्याच्या मुलीनं. शबनम दहावीत होती. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ती सूर्याची शक्ती मोजून दाखवणार होती, आणि पहिला नंबर आला तर जिल्ह्याला, नगरला जायला मिळणार होतं. पोरीनं ते इतकं मनावर घेतलं होतं की जेवतानाही वही शेजारी असायची.

"सूर्य मोजनार? कशानं?" बाबाजाननं विचारलं.

"तुमच्या बल्बनं, अब्बा." तिनं वहीतलं सूत्र वाचून दाखवलं. दिव्याची शक्ती भागिले चार पाय (π) गुणिले अंतराचा वर्ग, म्हणजे अंगावर पडणारा उजेड. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई.

"हे तर मला ठाव हाय. बल्ब दुप्पट लांब टांगला की तेवढ्याच उजेडाला चार लागत्यात. ह्याला सूत्र म्हनत्यात व्हय?"

आपण तीस वर्षं सूत्र वापरतोय हे कळल्यावर तो त्या दिवशी बाजारातून जरा ताठच चालला.

प्रयोग साधा होता. उन्हात उभं राहून एक गाल सूर्याकडे करायचा, दुसऱ्या गालाशी पेटलेला बल्ब धरायचा, आणि डोळे मिटून तो पुढंमागं करायचा. दोन्ही गालांना सारखी ऊब लागली की बल्बचं अंतर मोजायचं. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर, बल्ब अर्ध्या वितेवर. पुढचं काम सूत्राचं.

पहिलं उत्तर पुस्तकातल्या सूर्याच्या दुप्पट आलं. शबनमचा चेहरा उतरला. बाबाजाननं बघितलं, तर पट्टी काचेला टेकवलेली.

"उजेड काचंतून निघत न्हाई, आतल्या तारंतून निघतो. तारंपासून मोज."

तारेपासून साडेबारा सेंटिमीटर भरलं. दहा वेळा मोजलं, दहाही वेळा तितकंच. गणित केलं तेव्हा दोनशे अठ्ठ्याऐंशी आणि त्यापुढं चोवीस शून्यं, इतके वॅट आले. पुस्तकात मात्र तीनशे त्र्याऐंशी आणि चोवीस शून्यं. म्हणजे पाव सूर्य कमीच पडला.

विज्ञानाच्या राजेश्वरी मॅडमचा शबनमवर फार जीव. त्या काळजीनंच म्हणाल्या, "परीक्षक आधी उत्तर बघतात गं. साडेबाराच्या जागी पावणेअकरा लिही, आकडा जुळेल."

संध्याकाळी शबनम दुकानात येऊन बसली. बाबाजाननं विचारून विचारून सगळं काढून घेतलं.

"साडेबाराला दोनी गालांना सारखंच वाटलं का?"

"दहा वेळा, अब्बा."

"मग साडेबाराच लिही. आकडा जुळवायला गाल बदलनार व्हय?"

बोलून तर गेला, पण पोरीचं नगर हुकलं तर ते आपल्या माथी, हेही त्याला कळत होतं. पाव सूर्य कुठं गेला हे काही बापलेकीला सुचलं नाही.

प्रदर्शन पाथर्डीला, एका शाळेच्या मैदानावर होतं. बाबाजाननं स्वतः उन्हात वायर ओढून बल्ब जोडून दिला आणि तो भिंतीशी बटणाजवळ उभा राहिला. परीक्षक आले. पोस्टर वाचून त्यांनी स्वतःचाच गाल पुढं केला. डोळे मिटून बल्ब मागं, पुढं, पुन्हा जरा मागं केला. शबनमनं तारेपासून पट्टी लावली. साडेबारा.

"मोजणी चोख आहे," ते म्हणाले. "पण उत्तर पावभर कमी. तो पाव गेला कुठं?"

सोबत आलेल्या मॅडमनी मान खाली घातली. पलीकडं पोरं कबड्डी खेळत होती, धुरळा उठत होता. शबनम त्या धुरळ्याकडं बघत राहिली, मग भिंतीशी उभ्या बापाकडं.

"सर, यात्रेत धूळ उठली की लांबचा बल्ब मंद दिसतो. लोक अब्बांना रागावतात, पण बल्ब चांगलाच असतो. मधली हवा उजेड खाते. सूर्याचंही तेच. सूर्य पुस्तकातल्याएवढाच आहे, पाव मधल्या हवेनं खाल्ला."

"आणि हवा नसती तर?"

तिनं वहीही उघडली नाही. "तर ऊन जास्त लागलं असतं. बल्ब जवळ आणावा लागला असता, पावणेअकरावर."

मॅडमनी मान वर केली.

"हे कोणत्या पुस्तकात वाचलंस?" परीक्षकांनी विचारलं.

"पुस्तकात नाही, सर. माझे अब्बा लायटिंगवाले आहेत. ते बघा, बटणाशी उभे आहेत."

सगळे वळून बघायला लागले. तीस वर्षांत बाबाजानकडं लोक बघत ते उजेड गेल्यावर. आज बल्ब पेटलेला होता आणि तरी बघत होते. त्याला इतका अभिमान वाटला की हात कुठं ठेवावेत ते कळेना, म्हणून त्यानं बटणावरच ठेवले.

पहिला नंबर शबनमचा आला. नगरचा फॉर्म राजेश्वरी मॅडमनी तिथंच भरला. 'मार्गदर्शक' या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, थोडं थांबल्या, आणि त्याच्या वर बारीक जागेत आणखी एक नाव बसवलं. मग फॉर्म बाबाजानपुढं धरला.

"बघा, बरोबर लिहिलंय का?"

बाबाजानच्या डोळ्यांवर चष्मा होता. तरी त्यानं तो फॉर्म शबनमकडं दिला आणि म्हणाला, "तू वाच. जरा मोठ्यानं वाच."