सात नंबरचा दिवा

मी बोलतोय, पॅनलच्या आतून. मिरकरवाडा बंदरावरच्या या बर्फाच्या कारखान्यात शिरलात की उजव्या हाताला एक राखाडी लोखंडी कपाट दिसेल. त्याच्या दाराला काच आहे. काचेतून आत डोकावा. पट्टीवर कंट्रोलर बसलेला दिसेल, आणि त्याला खांदा लावून मी. मला इनपुट मॉड्यूल म्हणतात. नाव जड असलं तरी अंगानं मी कंपासपेटीएवढाच आहे.

माझं काम साध्या शब्दांत सांगतो. कंट्रोलर हा इथला मेंदू. कुठली मोटर चालू ठेवायची आणि कुठली थांबवायची, हे तो ठरवतो. पण त्याला डोळे नाहीत. टाकीत पाणी आहे का, बटण दाबलंय का, झाकण बंद आहे का, ही खबर त्याला मी देतो. माझ्या अंगावर तारांसाठी सोळा जागा आहेत आणि प्रत्येकीला तांदळाच्या कणीएवढा हिरवा दिवा. तारेतून वीज आली की दिवा लागतो, म्हणजे 'हो'. नाही आली की विझतो, म्हणजे 'नाही'. या दोन शब्दांपलीकडे मला भाषा येत नाही. पण हे दोन शब्द मी पक्के बोलतो, याचा मला जन्मापासून अभिमान आहे. ज्या कारखान्यात मी तयार झालो, तिथे माझे सोळाही दिवे तपासून, वर शिक्का मारूनच मला खोक्यात घातलं होतं.

ते खोकं उघडलं निशिगंधानं. सावर्ड्याची ही मुलगी आयटीआय करून चार वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली पॅनल जोडत होती. हे तिचं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपायला आठ दिवस होते. बोटी सुटायच्या आत नवा कंट्रोलर चालू झाला पाहिजे, असं मालकीण दीपालीताईंनी तिला बजावलं होतं.

तिचं काम बघण्यासारखं होतं. आधी मेन स्विच बंद केला. बंद केलाय हे माहीत असूनही टेस्टर लावून पाहिला. मग एकेक तार सोलायची, टोकाला नंबराची रिंग घालायची, माझ्या जागेत सारायची, स्क्रू आवळायचा आणि तार हलकेच ओढून बघायची. सोळा तारा, सोळा वेळा ओढून बघितल्या. मग तिनं वीज चालू केली.

एकही दिवा लागला नाही.

"काय गो ताई," बर्फाच्या लाद्या ओढणारा बाबल्या पलीकडून म्हणाला, "नवा जावई मुका निघाला की काय?"

निशिगंधा हसली नाही, रडलीही नाही. तिनं तारांचा नकाशा पुन्हा उघडला, बोट फिरवत खाली आली आणि कपाळावर हात मारला. सोळा तारा आणल्या होत्या, पण वीज परत जायची तारच जोडायची राहिली होती. वीज ही पाहुणी आहे. तिला यायची वाट लागते, तशी जायचीही लागते. नाहीतर ती उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. ती सतरावी तार जोडली मात्र, माझ्या अंगावर पटापट हिरवे ठिपके उमटले.

"बोलला गो बोलला!" बाबल्या ओरडला.

हा सगळा वेळ जैनुद्दीनचाचा शेजारी स्टूल टाकून बसले होते. तीस वर्षं ते हा कारखाना नुसत्या कानानं चालवत आलेत. त्यांच्या डाव्या हाताला तीनच बोटं आहेत. उरलेली दोन जुन्या क्रशरनं नेली. क्रशर म्हणजे बर्फाच्या लाद्या फोडणारं यंत्र, पोटात लोखंडी दात असलेलं.

"बाय," ते निशिगंधाला म्हणाले, "बाकी काय पन कर. पन क्रशराच्या झाकनाची वायर नीट लाव. झाकान उघाडला की तो थांबलाच पायजे."

"सात नंबरला लावलीय, चाचा. झाकण बंद असेल तरच सातवा दिवा लागणार. उघडलं की दिवा विझला आणि क्रशर बंद."

"आनि उंदरान वायर खाल्ली तर?"

"तरी दिवा विझणार. म्हणजे तरी बंदच. शंका आली की थांबायचं, असंच जोडलंय."

चाचा माझ्याकडे बघत म्हणाले, "मानसापरास शाना हाय."

ते ऐकून मी मनात फुगलो. त्या क्षणापासून सात नंबरचा दिवा मला सर्वांत लाडका झाला.

मग बंदी उठली. सकाळपासून धक्क्यावर बोटींची रांग आणि कारखान्याच्या दारात आरडाओरडा. "बर्फ कधी देताव? भरती काय तुमच्यासाठी थांबनार हाय?" लाद्यांमागून लाद्या क्रशरमध्ये जात होत्या. दर थोड्या वेळानं एखादी आडवी अडकायची. बाबल्या झाकण उघडायचा, क्रशर थांबायचा. तो दांड्यानं लादी सरळ करायचा, झाकण लावायचा, बटण दाबायला पॅनलपर्यंत यायचा, परत जायचा. दर वेळी बाहेरचे शिव्या द्यायचे. सातव्यांदा बाबल्याचं डोकं फिरलं.

मिरकरवाड्यात कुठलीही गोष्ट धरून ठेवायची तर एकच उपाय असतो, जाळ्याची दोरी. सायकलचं कॅरिअर असो की मोडकं दार, सगळं तिनंच बांधतात. बाबल्यानं खिशातली निळी दोरी काढली आणि झाकण लागलं की आपोआप दाबला जाणारा त्याच्या कडेचा स्विच दाबून करकचून बांधून टाकला.

माझा सात नंबरचा दिवा लागला तो लागलाच. झाकण सताड उघडं होतं. आत दात फिरत होते. आणि मी कंट्रोलरला छातीठोकपणे सांगत होतो, 'हो, बंद आहे.'

बाबल्या उघड्या क्रशरमध्ये दांडा घालून लादी ढकलत होता. त्याच्या रेनकोटची बाही ओली, लोंबती. चाचा तेव्हा पॅनलपाशीच होते. एकाएकी त्यांनी मान वर केली. झाकण बंद असलं की क्रशर घुमतो, उघडं असलं की खडखडतो. ही खडखड होती. त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. सातवा दिवा हिरवागार. कान एक सांगत होता, मी दुसरंच सांगत होतो.

चाचांनी कानावर विश्वास ठेवला. दारावरच्या लाल बटणावर त्यांचा तीन बोटांचा पंजा दणकन पडला. त्या बटणाची तार थेट मोटरची वीज तोडते, मला फक्त पहिल्या तारेतून त्याची वर्दी येते. माझा पहिला दिवा विझला, क्रशर गप्प झाला.

बाबल्याची बाही कोपरापर्यंत आत ओढली गेली होती. रेनकोट कापून त्याला सोडवला. हात शाबूत होता. तो खाली बसला आणि किती तरी वेळ आपल्या बोटांकडेच बघत राहिला.

दीपालीताई धावत आल्या. काय झालं ते ऐकलं आणि संतापल्या. "काढून टाका हे! झाकण उघडं असताना बंद म्हणून सांगतंय. यापेक्षा जुनं पॅनल बरं!" निशिगंधाला फोन गेला. आल्या आल्या ती थेट क्रशरपाशी गेली आणि निळी दोरी सोडवून घेऊन आली. तळहातावर ठेवून तिनं ती सगळ्यांना दाखवली. 

बाबल्या खाली मान घालून म्हणाला, "बोटवाले बोंबलत होते..."

चाचांनी आपला डावा हात त्याच्यासमोर धरला. "मोज."

"चाचा..."

"मोज, मेल्या!"

"तीन," बाबल्या पुटपुटला.

"तवा पन बोटवाले बोंबलत होते."

निशिगंधाचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "ताई, न बांधता येणारा स्विच मी मागवते. पण उद्या कुणी तोही फसवेल. दिवा खरा की खोटा, हे कंट्रोलरला कसं कळणार?"

 चाचा म्हणाले, "बाय, तीस वर्सं मी हयं हाय. काम जोरात असताना अर्धा तास झाकान उघाडला नाय, असा कदी झाला नाय. लादी अडकतेच. तुजा दिवा अर्धा तास इजला नाय, तर समज, कोनतरी बांधलाय."

 निशिगंधानं लॅपटॉप उघडला आणि हा नियम कंट्रोलरला शिकवला.

आता असं आहे. क्रशर चालू असताना माझा सातवा दिवा अर्धा तास सलग लागलेला राहिला, की कंट्रोलर क्रशर थांबवतो. कुणीतरी झाकण उघडून बंद केल्याशिवाय पुन्हा चालू करत नाही. रोज सकाळी कामाची सुरुवातही तशीच. आणि स्टार्टचं बटण क्रशरपाशीच आणलं, म्हणजे बाबल्याचे हेलपाटे वाचले. त्या दिवशी बोटींना बर्फ दोन तास उशिरा मिळाला. तरी त्यांची भरती चुकली नाही. दीपालीताईंनी मला काढलं नाही.

खाऱ्या हवेनं माझ्या स्क्रूंवर आता थोडा गंज धरलाय. निशिगंधा दर दोन महिन्यांनी येते, पुसते, आवळते, एकेक तार ओढून बघते. चाचा पुढच्या वर्षी काम सोडून घरी बसणार म्हणतात. मी इथेच असेन. कामात मी कुणाला हार जाणार नाही, हे आजही सांगतो. फक्त एक मागणं आहे. माझ्या तारेच्या दुसऱ्या टोकाला दोरी बांधू नका. खोटं मला बोलता येत नाही, पण तुम्ही माझ्या तोंडून ते वदवू शकता.

रोज सकाळी बाबल्या झाकण उचलतो आणि ओरडतो, "चाचा, इजला काय?"

"इजला!" चाचा इकडून ओरडतात. दिवा विझला म्हणून आनंद होणारा जगात मी एकटाच असेन.

संध्याकाळी काम संपलं की बाबल्या फडक्यानं माझी काच पुसून जातो. काचेवर त्याचा हात फिरत असतो. मला आकडे बोलता येत नाहीत, फक्त हो आणि नाही येतं. पण त्या हाताची सगळी बोटं जागेवर आहेत का, असं मला विचाराल तर सांगतो.

हो.