सुई खोटं बोलत नव्हती

मित्रांनो, सोनईच्या दवाखान्यासमोर लिंबाखाली एक काळी मोटार उभी असते, तीच मी. माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही; ठोकाठोकीचा आवाज आणि ताज्या रंगाचा वास, एवढंच. नगरच्या एका वकिलांकडे मी काही वर्षं काढली आणि मग डॉक्टर शामकांतांनी मला सोनईला आणलं.

माझे खरे दिवस इथलेच. डॉक्टर स्वतः मला चालवत. ज्या वाटेनं बैलगाडीसुद्धा कुरकुरत जायची, त्या वाटेनं मी त्यांना वस्त्यांवर घेऊन जाई. कुणाला विंचू चावलेला, कुणी ताडपत्रीवर तापानं फणफणलेला. माझा भोंगा ऐकला की माणसं म्हणत, "आला बया डाक्तर!" बायका माझ्या टपावरून हात फिरवत. त्या हातांचं सुख मी कधी विसरले नाही.

पण वय कुणाला चुकलंय? उभी असताना मी थरथरायला लागले. पळताना ठीक असे. थांबले की इंजिन आचके देई आणि बंद पडे. त्याच सुमारास दुसरं दुखणं सुरू झालं. माझ्या इंजिनात एक पितळी बोंडूक बसवलेलं आहे. पाणी किती तापलं ते त्याच्या तारेवाटे डॉक्टरांच्या समोरच्या सुईला कळतं. ती सुई आता वारंवार तांबड्या खुणेकडे सरकू लागली.

गावातला मच्छिंद्र मिस्त्री मनापासून काम करणारा. त्यानं प्लग घासले, कार्बोरेटर खोलून धुतला, बोंडूकही नवं बसवलं. तरी थरथर जाईना आणि सुई खाली येईना. रेडिएटरचं झाकण काढून पाहावं तर पाणी उकळत नसे.

"डाक्तर, ही सुईच लबाड हाय," तो शेवटी म्हणाला. "तार काडून टाकू का? उगं जिवाला घोर."

"काढ," डॉक्टर म्हणाले. "आणि उभी असताना बंद पडू नये म्हणून स्क्रू पिळून इंजिनाचा वेग वाढवून ठेव."

डॉक्टरांच्या पत्नी, दमयंतीबाई, दवाखान्याच्या पायरीवर पट्ट्या गुंडाळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, थर्मामीटर फेकून दिला म्हणून कुणाचा ताप उतरलाय का?"

डॉक्टर हसले. "ती मोटार आहे, पेशंट नाही."

तार निघाली. सुई गार खुणेवर जाऊन निजली आणि सगळ्यांना बरं वाटलं. मी मात्र आतून तशीच तापत होते. मला ते सांगायला दुसरी जीभ नव्हती.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. उन्हाळा असा, की वाऱ्याला भट्टीची धग. एका दुपारी जवळच्या वस्तीवरचा आसाराम धावत आला. त्याची बायको गोजरबाई पहिलटकरीण. सकाळपासून अडली होती. डॉक्टरांनी वस्तीवर जाऊन तिला तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मूल आडवं होतं. "इथं जमणार नाही. नगरला न्यायला हवं, लगेच."

मागच्या बाकावर दमयंतीबाई गोजरबाईचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. आसाराम पुढे. घोडेगावपर्यंत मी जीव तोडून पळाले. इमामपूरच्या घाटात पुढे एक भरलेला ट्रक लागला आणि त्याच्या मागे रांगत रांगत चढावं लागलं. माझ्या पोटात आग पेटली होती. डॉक्टरांनी सुईकडे पाहिलं. ती गार खुणेवर स्वस्थ पडून होती.

मग जळका वास आला, बॉनेटखालून वाफेचा लोट उठला, आतून खडखडाट झाला आणि मी जागीच जाम झाले.

डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली. "चल गं बाई," ते म्हणत होते, "चल ना." मागे गोजरबाई कण्हत होती. आसाराम रस्त्याच्या मधोमध उभा राहून येणाऱ्या वाहनांना हात जोडत होता. बऱ्याच वेळानं पाण्याचा एक टँकर थांबला. गोजरबाईला त्यात चढवलं, आसाराम, डॉक्टर आणि दमयंतीबाईही तिच्याबरोबर गेले. मी घाटात एकटी उरले.

गोजरबाई वाचली. मुलगी होती; ती वाचली नाही.

नगरच्या मिस्त्रीनं मला खोललं, तेव्हा डॉक्टर शेजारी उभे होते. कार्बोरेटरच्या बुडाची कागदी पॅकिंग चिरलं होतं. त्या फटीतून इंजिन जादा हवा ओढत होतं आणि पेट्रोल अपुरं पडत होतं. म्हणून थरथर आणि म्हणूनच तापणंही. दोन्ही दुखणी एकच होती, आणि सुई पहिल्यापासून खरं बोलत होती. डॉक्टर माझ्या चाकापाशी मटकन खाली बसले.

पुढे आसाराम दवाखान्यात आला, तो भांडायला नाही. "तुमी व्हता म्हनून ही तरी वाचली," म्हणून पाया पडला. तो शिव्या देता तर डॉक्टरांना सोसलं असतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

माझं इंजिन पुन्हा बांधलं गेलं. तार जोडली गेली. आता मी उभी असताना इतकी शांत चालते, की टपावर बसलेली चिमणीही उडत नाही.

परवा सकाळी आसाराम आणि गोजरबाई समोरच्या थांब्यावर दिसले. तिला पुन्हा दिवस गेले होते, आठवा सरत आला होता. हातात गाठोडं. डॉक्टर लगबगीनं बाहेर आले, माझं दार उघडून धरलं. "आसाराम, मी सोडतो नगरला. गाडी आता ठणठणीत आहे."

आसारामनं बायकोकडे पाहिलं. गोजरबाईनं पदर घट्ट ओढून घेतला आणि नजर खाली वळवली.

"नको डाक्तर," तो हळूच म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नका. यष्टी येतीच हाय. दिवस भरायच्या आदीच नगरच्या दवाखान्यापाशी पावन्याकडं ऱ्हातो. आमाला हीच बरी."

एस.टी. आली, दोघं चढले, धुरळा उडाला. तो खाली बसला तरी डॉक्टर माझं दार धरून उभेच होते.

मित्रांनो, यंत्र असो वा जनावर, कुणी कुरकुर करू लागलं तर त्याचं तोंड बंद करू नका. त्याला काय होतंय ते आधी विचारा. तुटलेलं इंजिन नगरला जोडून मिळतं. पण एकदा उठलेला भरवसा कुठल्या मिस्त्रीकडे न्यायचा, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.